कोण मदतनीस, कोण मारक?

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात एक प्रसंग अधूनमधून घडतो. खोकला-तापाने आलेल्या पाच-सहा महिन्यांच्या बाळाचा छातीचा एक्स-रे काढला जातो. फिल्म उजेडासमोर धरली की हृदयाच्या वर, एका कडेला, होडीच्या शिडासारखी तिरकी पांढरट सावली दिसते. बाळाची आजी घाबरते. ‘‘डॉक्टर, काळीज वाढलंय का हो?’’ निवासी डॉक्टर तिला समजावतो, ‘‘नाही आजी, ती बाळाची ग्रंथी आहे. या वयात ती असायलाच हवी.’’

शेजारच्या खाटेवर तेवढ्याच वयाचे, पण तीव्र कुपोषित मूल असते. त्यालाही न्यूमोनियाच. त्याच्या एक्स-रेमध्ये मात्र ती सावली शोधूनही सापडत नाही. पहिले बाळ बहुधा काही दिवसांत बरे होऊन घरी जाते. दुसऱ्याबद्दल खात्रीने बोलायला कोणीच धजत नाही.

ही सावली थायमसची. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर बसलेली ही दोन पाळ्यांची मऊ ग्रंथी जन्मावेळी १०-१५ ग्रॅमची असते. वयात येईपर्यंत ती ३०-४० ग्रॅमपर्यंत वाढते आणि पुढे हळूहळू चरबीत विरून जाते. म्हणूनच मराठी परिभाषेत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे अर्थपूर्ण नाव आहे. आपल्या प्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या टी पेशी इथे घडतात. कोणती पेशी इतरांना मदत करणार, कोणती रोगट पेशींना मारणार आणि कोणती या सगळ्यांना आवर घालणार, याचा बराचसा निकाल या मूठभरही नसलेल्या अवयवात लागतो. तो कसा लागतो हे समजले, तर शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे नेमके काय बिघडले आहे, हेही समजते.

मोठी म्हणून भाजून काढली

एकेकाळी थायमस निरुपयोगी मानली जात असे. काही डॉक्टर तर तिला धोकादायकही मानत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात अचानक दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात डॉक्टरांना थायमस ‘मोठी’ दिसली. या मोठ्या ग्रंथीनेच श्वासनलिका दाबली असावी, असा तर्क निघाला आणि तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, हजारो निरोगी बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ही ग्रंथी लहान करण्यात आली. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना बाळपणी हे उपचार मिळाले होते.

चूक मुळात कुठे झाली होती? शवविच्छेदनासाठी येणारे मृतदेह बहुतांशी गरिबांचे असत. दीर्घ आजाराने आणि उपासमारीने खंगून मेलेल्या माणसांची थायमस आक्रसलेली असते. तीच डॉक्टरांना ‘नॉर्मल’ वाटली. अचानक गेलेल्या बाळाची थायमस खरे तर निरोगी आकाराची होती, पण ती मोठी ठरली. गरिबीने खुरटलेला अवयव प्रमाण मानला गेला आणि सुदृढ अवयवावर उपचार झाले. वैद्यकाच्या इतिहासातील हा धडा आजही विसरण्याजोगा नाही.

थायमसचे खरे काम १९६१ मध्ये लंडनमध्ये कळले. जॅक मिलर हा तरुण संशोधक उंदरांमधील रक्ताच्या कर्करोगावर काम करत होता. त्यासाठी त्याने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ही पिल्ले काही आठवडे बरी वाढली आणि मग जंतुसंसर्गाने खंगून मेली. त्यांच्या अंगावर दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली, तर ती शरीराने नाकारलीच नाही. परक्याला ओळखण्याची शक्तीच उरली नव्हती. थायमसमधून येणाऱ्या पेशींना पुढे थायमसच्या आद्याक्षरावरून ‘टी’ पेशी म्हणू लागले.

होतकरू पाहुणे

टी पेशींचे मूळ मात्र थायमसमध्ये नाही. ते आहे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतील मगजात. तिथल्या मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे सारे तयार होते. त्यांतल्याच काही अपक्व पेशी रक्तातून वाहत थायमसमध्ये शिरतात. येताना त्या टी पेशी नसतात. अँटिबॉडी बनवणारी बी पेशी, जंतू गिळणारी भक्षक पेशी, कर्करोगी पेशींवर तुटून पडणारी ‘नॅचरल किलर’ पेशी, यांपैकी काहीही होण्याची क्षमता त्यांच्यात कमी-अधिक प्रमाणात शिल्लक असते.

पहिला कौल देते ती जागा. थायमसच्या आधारपेशींवर डीएलएल-४ नावाचे प्रथिन असते. नव्याने आलेल्या पेशीवर ‘नॉच’ नावाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारे प्रथिन असते. दोघांची गाठ पडली की नॉचचा आतला तुकडा सुटतो, पेशीच्या केंद्रकात जातो आणि टी पेशीसाठी लागणारी जनुके जागी करतो. नॉच हे नाव आले फळमाशीवरून. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत पंखांच्या कडेला खाच असलेल्या माश्या आढळल्या. त्या खाचेवरून जनुकाला नाव पडले. माशीच्या पंखाला आकार देणारे हेच जनुक आपल्या प्रतिकारशक्तीलाही आकार देते.

१९९९ मधील दोन प्रयोगांनी हे पक्के केले. उंदरांच्या या पेशींतून नॉच-१ काढून टाकल्यावर थायमसमध्ये टी पेशी बनेनात, उलट तिथे बी पेशी तयार होऊ लागल्या. दुसऱ्या प्रयोगात नॉच सतत चालू राहील अशी व्यवस्था केल्यावर अस्थिमज्जेतच टी पेशी बनू लागल्या. हा संदेश आटोक्याबाहेर गेला तर काय होते, हेही पुढे दिसले. टी पेशींच्या तीव्र ल्युकेमियात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पेशींमध्ये नॉच-१ जनुकात बदल सापडतात.

परतीचे दोर

नॉचचा संदेश मिळाला म्हणजे निर्णय झाला असे नाही. थायमसमध्ये शिरल्यानंतर काही दिवस, आणि अनेक वेळा विभाजन झाल्यावरही, ही पेशी दुसऱ्या वाटेने जाऊ शकते. तिला थायमसमधून काढून वेगळ्या वातावरणात ठेवले, तर ती भक्षक किंवा नॅचरल किलर पेशी बनू शकते. मग एका टप्प्यावर ‘बीसीएल-११बी’ हे जनुक चालू होते आणि इतर वाटा बंद होतात. सिंहगडाच्या लढाईत परतीचे दोर कापले गेले, तसाच हा क्षण. आता ही पेशी टी पेशीच होणार. २०१० मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एकाच वेळी हे दाखवून दिले.

हे जनुक चालू कसे होते, याचा शोध कॅलिफोर्नियातील एलेन रोथेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. त्यांनी उंदराच्या पेशीत बीसीएल-११बीच्या दोन्ही प्रतींना दोन वेगळे चमकणारे रंग जोडले आणि एकेक पेशी दिवसेंदिवस न्याहाळली. दोन्ही रंग एकदम उजळले नाहीत. एकाच पेशीत, सगळे संदेश सारखेच मिळत असूनही, एक प्रत चालू झाल्यावर दुसरी कधी कधी काही दिवसांनी चालू होई. डीएनएची ती घट्ट गुंडाळलेली जागा सैल व्हायला वेळ लागतो आणि त्यात थोडा योगायोगाचाही भाग असतो. पेशीचे भवितव्य ठरण्यात संदेशाइतकाच वेळही मोलाचा असतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हीच गोष्ट पुन्हा दिसते.

आणि दोर खरोखर कायमचे कापलेले असतात का? पूर्ण वाढलेल्या टी पेशीतून प्रयोगाने हे जनुक काढून घेतले, तर तिच्यात नॅचरल किलर पेशीचे गुण पुन्हा डोके वर काढतात. म्हणजे टी पेशीला टी पेशी म्हणून राहण्यासाठीही हे जनुक चालू ठेवावे लागते.

वायरमनची युक्ती

आता प्रत्येक पेशी आपला स्वतःचा रिसेप्टर बनवते. त्यासाठीच्या जनुकांचे तुकडे ती कापते आणि पत्ते पिसावेत तसे नव्याने जोडते. त्यामुळे दोन पेशींचे रिसेप्टर सहसा सारखे निघत नाहीत. आज अस्तित्वात नसलेला विषाणू उद्या आला, तरी त्याला ओळखणारी एखादी पेशी आपल्याकडे असते ती यामुळेच. इथे एक छोटा फाटा फुटतो. ‘गॅमा-डेल्टा’ प्रकारचा रिसेप्टर जुळून जोरकस संदेश मिळाला, तर पेशी त्या वेगळ्या वंशात जाते आणि त्वचा, आतडी अशा सीमाभागांत पहारा देते. बहुसंख्य पेशी ‘अल्फा-बीटा’ रिसेप्टर घेऊन पुढे जातात.

या पेशींच्या अंगावर आता दोन खुणा असतात, सीडी-४ आणि सीडी-८. यातले पहिले नाव अनेकांच्या ओळखीचे आहे. एचआयव्हीबाधितांच्या एआरटी केंद्रात ‘सीडी-४ काउंट’ मोजला जातो तो हाच. हा विषाणू सीडी-४ या खुणेला धरूनच पेशीत शिरतो. ही संख्या २०० च्या खाली गेली, की क्षयापासून बुरशीच्या न्यूमोनियापर्यंत संधिसाधू आजारांचा धोका फार वाढतो. मोठेपणी सीडी-४ असलेली पेशी मदतनीस असते. ती बी पेशींना आणि भक्षक पेशींना कामाला लावते. सीडी-८ असलेली पेशी मारक असते. विषाणूने ग्रासलेल्या पेशीला ती थेट ठार करते. थायमसमधल्या अल्पवयीन पेशीवर मात्र दोन्ही खुणा असतात, आणि तिला त्यांतली एक सोडावी लागते.

कोणती सोडायची, हे तिच्या रिसेप्टरवर अवलंबून असते. आपल्या पेशी प्रथिनांचे बारीक तुकडे ‘एमएचसी’ नावाच्या तबकात ठेवून बाहेर दाखवत असतात. ही तबके दोन प्रकारची. पहिल्या प्रकारची शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतात आणि त्या पेशीच्या आत काय चालले आहे, हे सांगतात. सीडी-८ त्यांना धरतो. दुसऱ्या प्रकारची तबके मुख्यतः बाहेरचे जंतू गिळणाऱ्या खास पेशींवर असतात. त्यांना सीडी-४ धरतो. ज्या पेशीचा रिसेप्टर पहिल्या तबकाशी जुळतो तिने मारक व्हायला हवे, ज्याचा दुसऱ्याशी जुळतो तिने मदतनीस. उलट झाले तर दोघीही निकामी.

पण आपला रिसेप्टर कोणत्या तबकाशी जुळला, हे पेशीला कळते कसे? यावर बरीच वर्षे वाद झाला. अमेरिकेतील आल्फ्रेड सिंगर यांनी मांडलेले उत्तर घरगुती उदाहरणाने समजू शकते. मीटरबॉक्समध्ये दोन फ्यूज आहेत आणि देवघरातला दिवा कोणत्या लाइनवर आहे, हे ठाऊक नाही. वायरमन एक फ्यूज काढून बघतो. दिवा चालूच राहिला, तर तो दुसऱ्या लाइनवर आहे. विझला, तर काढलेल्याच लाइनवर. पेशीही असेच करते. रिसेप्टरला पहिला संदेश मिळाला की ती सीडी-८ बनवणे थांबवते. त्यानंतरही संदेश येतच राहिला, तर त्याला सीडी-८ ची गरज नव्हती, हे स्पष्ट होते आणि पेशी सीडी-४ ठेवून मदतनीस होते. संदेश तुटला, तर तो सीडी-८ वर अवलंबून होता. मग पेशी इंटरल्युकिन-७ या रासायनिक निरोपाच्या आधाराने तग धरते, सीडी-८ पुन्हा सुरू करते, सीडी-४ सोडते आणि मारक होते.

निर्णय टिकवण्यासाठी पेशीच्या आत दोन नियंत्रक प्रथिने असतात. मदतनीस पेशीत ‘टीएच-पॉक’, मारक पेशीत ‘रन्क्स-३’. दोघे एकमेकांना दाबून ठेवतात. टीएच-पॉकचा शोध एका उंदरामुळे लागला. फिलाडेल्फियातील एका प्रयोगशाळेत आपोआप झालेल्या जनुकीय बदलामुळे काही उंदरांमध्ये मदतनीस पेशीच तयार होत नव्हत्या. ज्या पेशी मदतनीस व्हायच्या, त्या सगळ्या मारकांच्या वाटेला जात होत्या. २००५ मध्ये कळले, की जनुकातील एकच अक्षर बदलले होते.

नापास होणारे बहुसंख्य

या सगळ्या काळात एक कठोर परीक्षाही सुरू असते. ज्या पेशीचा रिसेप्टर कोणत्याच तबकाशी जुळत नाही, ती तीन-चार दिवसांत मरते. ज्या पेशीचा रिसेप्टर आपल्याच शरीराच्या प्रथिनाला फार घट्ट चिकटतो, तिलाही मारले जाते, कारण ती पुढे शरीरावरच उलटेल. यासाठी थायमसच्या आतल्या भागातील पेशी इन्शुलिनसारखी, इतर अवयवांत बनणारी प्रथिनेही थोडी थोडी बनवून दाखवतात. शेवटी शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात.

मधल्या एका गटाचे काय होते, हा प्रश्न मात्र जपानमध्ये वेगळ्याच वाटेने सुटला. मिलर यांनी जन्मताच थायमस काढली, तेव्हा उंदीर संसर्गाने मेले होते. जपानी संशोधकांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी ती काढली, तेव्हा उलटेच घडले. प्रतिकारशक्ती कमकुवत होण्याऐवजी ती स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडली. शिमोन साकागुची यांनी यातून अर्थ काढला, की थायमस काही पेशी आवर घालण्यासाठीच घडवत असली पाहिजे आणि त्या थोड्या उशिराने बाहेर पडत असल्या पाहिजेत. १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशी ओळखून दाखवल्या. त्यांनाच आज नियामक टी पेशी म्हणतात. स्वतःच्या प्रथिनांना बऱ्यापैकी घट्ट, पण मरण ओढवेल इतके घट्ट न चिकटणाऱ्या पेशींमधून त्या घडतात.

त्यांची किल्ली सापडली ती अमेरिकेत. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी जन्मतः त्वचेला खपल्या धरणाऱ्या आणि काही आठवड्यांत मरणाऱ्या उंदरांचा सदोष जनुक २००१ मध्ये शोधला. त्याला ‘फॉक्सपी-३’ असे नाव दिले. याच जनुकातील दोषाने मुलग्यांना तान्ह्या वयात मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब होतो, हेही तेव्हाच कळले. नियामक टी पेशींचा कारभार हेच जनुक चालवते, हे पुढे सिद्ध झाले. या कामासाठी या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकच जंतू, दोन आजार

थायमसमधून बाहेर पडलेल्या मदतनीस पेशीचा प्रवास अजून संपलेला नसतो. तिला कोणत्या प्रकारची मदत करायची, हे जंतूशी गाठ पडल्यावर ठरते. १९८६ मध्ये टिमोथी मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांत मदतनीस पेशींचे दोन गट दाखवले. आजूबाजूला इंटरल्युकिन-१२ असेल, तर पेशी ‘टीएच-१’ होते. ती भक्षक पेशींना चेतवते, म्हणजे क्षयाच्या जंतूसारख्या पेशीत लपणाऱ्या शत्रूविरुद्ध उपयोगी पडते. इंटरल्युकिन-४ असेल, तर ती ‘टीएच-२’ होते. ती जंतांविरुद्ध लढते आणि ॲलर्जीतही तिचाच हात असतो. पुढे आणखी प्रकार सापडले. त्यांतल्या ‘टीएच-१७’ पेशी बुरशीपासून रक्षण करतात, पण सोरायसिसमध्ये त्याच त्रास देतात. सोरायसिसची काही नवी इंजेक्शने त्यांच्याच रसायनाला रोखतात.

या निवडीचा परिणाम पाहायचा, तर महाराष्ट्राला अनोळखी नसलेला कुष्ठरोग घ्यावा. जंतू एकच. एका रुग्णाच्या अंगावर एक-दोनच बधिर चट्टे असतात आणि त्यांत जंतू शोधावे लागतात. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, कानांच्या पाळ्यांवर गाठी येतात आणि त्वचेत जंतूच जंतू असतात. १९९१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांतील रसायने तपासली. पहिल्यात टीएच-१ ची रसायने भरपूर, दुसऱ्यात टीएच-२ ची. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्यांवर असतात आणि त्यांची पायरी बदलूही शकते. उपचार चालू असताना चट्टे अचानक लाल होणे, सुजणे, नसा दुखणे, हे अनेकदा प्रतिकारशक्ती टीएच-१ कडे झुकल्याचे लक्षण असते. अशा वेळी औषध बंद न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, कारण काही दिवसांच्या विलंबाने हाताची किंवा पायाची नस कायमची जाऊ शकते.

वजन आधी, थायमस नंतर

आता शेजारच्या खाटेवरच्या मुलाकडे वळू. उपासमार आणि वारंवारचे आजार यांमुळे शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. त्याचा सर्वांत मोठा घाव बसतो तो थायमसमधल्या, दोन्ही खुणा अंगावर असलेल्या अल्पवयीन पेशींवर. त्या मोठ्या संख्येने मरतात. ज्या टप्प्यावर ‘मदतनीस की मारक’ हा निर्णय व्हायचा, तोच टप्पा रिकामा होतो. ग्रंथी इतकी आक्रसते, की वैद्यकीय साहित्यात याला शस्त्रक्रियेविना झालेले थायमस-उच्छेदन असे म्हटले जाते. अशा मुलाला गोवर, न्यूमोनिया, जुलाब हे आजार जीवघेणे ठरतात. उपासमारीने थायमस आक्रसते आणि तीतून नव्या पेशी येईनाशा झाल्यावर पुढचा आजार अधिक सहज होतो. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये नवजात बालकांची थायमस सोनोग्राफीने मोजून पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा लहान थायमस असलेल्या बाळांत संसर्गाने होणारे मृत्यू अधिक दिसले.

दिलासा असा, की ही ग्रंथी पुन्हा वाढते. पण तिला वेळ लागतो. बोलिव्हियातील तीव्र कुपोषित मुलांवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात आहार सुरू केल्यावर वजन साधारण महिन्याभरात सावरले, थायमसला मात्र दोन महिने लागले. आहाराबरोबर झिंक दिल्यावर थायमसही महिन्याभरात सावरली. मेळघाट असो वा नंदुरबार, आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत मूल साधारण दोन आठवडे राहते. वजन वाढले, मूल हसू लागले, की आईला घरी परतायची घाई असते. धाकटे भावंड घरी असते, रोजंदारी बुडत असते. तिची घाई समजण्यासारखी आहे. पण मूल तरतरीत दिसले, तरी त्याची थायमस तेव्हा अर्ध्या वाटेवर असते. म्हणून सुटीच्या कागदावर लिहिलेल्या पुढच्या तपासणीच्या तारखा चुकवू नयेत, आणि आशा किंवा अंगणवाडी सेविका घरी आली, तर ‘आता बरं आहे’ म्हणून तिला परत पाठवू नये. राहिलेल्या लसी याच काळात पूर्ण कराव्यात. जुलाब झाले, तर ओआरएसबरोबर दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबल्यावरही पूर्ण १४ दिवस द्याव्यात. स्वतःच्या मनाने जास्त मात्रेत मात्र झिंक देऊ नये.

सुदृढ बाळांसाठीही एक साधी गोष्ट आहे. डेन्मार्कमधील अभ्यासात चार महिन्यांच्या वयात फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांची थायमस वरच्या दुधावरील बाळांपेक्षा लक्षणीय मोठी आढळली. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, हा सल्ला जुनाच आहे. त्यामागचे हे आणखी एक कारण.

मोठेपणी विरत गेलेली थायमसही अगदीच निकामी नसते. बोस्टनमधील डॉक्टरांनी २०२३ मध्ये थायमस काढलेल्या प्रौढांची तशीच शस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस शाबूत असलेल्या रुग्णांशी तुलना केली. पाच वर्षांत पहिल्या गटात ८.१ टक्के, तर दुसऱ्या गटात २.८ टक्के मृत्यू झाले. थायमसची गाठ किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात ती काढणे अनेकदा आवश्यक असते, त्यामुळे अशा रुग्णांनी घाबरू नये. पण हृदयशस्त्रक्रियेत वाटेत येते म्हणून ती सहज काढण्याआधी शल्यविशारद आता अधिक विचार करतील.

‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ चूर्णांच्या आणि पेयांच्या जाहिराती रोज दिसतात. टी पेशींची ही घडण पाहिली, तर ‘वाढवणे’ हा शब्दच अपुरा वाटतो. मदतनीस, मारक आणि नियामक यांचा मेळ बसावा लागतो, आणि यांतले एक जरी बेसुमार वाढले तरी आजारच होतो. हा मेळ बसतो तो बालपणी, पोटभर अन्न, आईचे दूध, लसी आणि आजारांवर वेळेवर उपचार मिळाले तर. केंद्रातून घरी गेलेले ते मूल दोन महिन्यांनी तपासणीला आले आणि काही कारणाने त्याचा एक्स-रे काढावा लागला, तर कदाचित हृदयाच्या कडेला तीच शिडासारखी सावली दिसेल. घाबरलेल्या आईला तेव्हा सांगता येईल, की ही असायलाच हवी.